आधी सेवा, मग शिकवण : इंदूर नगरपालिकेच्या आरोग्यशिक्षणाची वाटचाल

इंदुरात नगरपालिका १८७० मध्ये स्थापन झाली. बक्षी खुमानसिंग हे तिचे पहिले अध्यक्ष. होळकरांच्या अमलात सुरू झालेली ही संस्था १९५६ मध्ये महानगरपालिका झाली आणि आता तिने दीडशे वर्षांचा टप्पा ओलांडला आहे. अशा संस्थेचा इतिहास लिहिताना रस्ते, दिवे, नळ, अग्निशमन, इमारती आणि पदाधिकारी यांची नोंद होते, ती व्हायलाही हवी. पण नगरपालिकेचे एक मोठे काम या नोंदींत क्वचितच दिसते, ते म्हणजे लोकांना आरोग्य शिकवणे. कचरा कुठे टाकावा, पाणी कसे साठवावे, घरात उंदीर मरून पडला तर काय करावे, खाद्यपदार्थ कसे झाकावेत, हे लाखो माणसांच्या अंगवळणी पाडायचे तर शासनाच्या अंगी तसे सामर्थ्य लागते. ते भिंतीवरच्या घोषणांनी येत नाही आणि केवळ तिजोरीतल्या पैशानेही येत नाही. इंदूरच्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते सरळ आहे. जे शासन रोज न चुकता सेवा घेऊन दारात येते, त्याचाच शब्द लोक घरात घेतात. सेवा खंडित झाली की शिकवणीचा अधिकारही संपतो. पुढील इतिहास या एका सूत्राने पाहिला आहे, आणि त्याची कसोटी म्हणून सराफा डोळ्यांपुढे ठेवला आहे.

सराफाच का, हे सांगितले पाहिजे. राजवाड्याच्या पाठीशी असलेली ही अरुंद गल्ली इंदूरच्या पेढीव्यवहाराचे केंद्र होती. अफू, कापूस आणि हुंडी यांचा पैसा इथून फिरे, आणि व्यापाऱ्यांचे तंटे सोडवणाऱ्या ‘ग्यारह पंच’ या मंडळाला होळकर दरबारही मान देई. आज दिवसा इथे सोन्याचांदीची दुकाने चालतात. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा, जिलबी, साबुदाण्याची खिचडी यांसाठी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी असते. रात्रीच्या वर्दळीमुळे बंद पेढ्यांची राखण होते, म्हणून सराफांनी या चौपाटीला आसरा दिला, असे सांगतात. आरोग्याच्या दृष्टीने मात्र ही जागा फार अवघड आहे. एकाच रस्त्याचे दिवसाचे धनी वेगळे आणि रात्रीचे वेगळे. खाणारे हजारो लोक परगावचे, उद्या न येणारे. ओला कचरा, वापरलेले तेल, धुण्याचे पाणी आणि द्रोण-पत्रावळी हे सारे काही तासांत गोळा होते आणि सकाळी सराफाला ओटा स्वच्छ हवा असतो. अशा ठिकाणी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नुसत्या उपदेशाने सुटत नाही. म्हणून नगरपालिकेची शिकवण खरोखर रुजली की नाही, हे पाहायला सराफ्याइतकी योग्य जागा शहरात दुसरी नाही.

नगरपालिकेच्या आरोग्यकार्याची पहिली मोठी परीक्षा प्लेगने घेतली. १८९६ मध्ये मुंबईत आलेली ही साथ विसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यात पोचली आणि वर्षानुवर्षे इंदुरात परतत राहिली. सक्तीने आरोग्य शिकवायला निघालेल्या सरकारचे काय होते, हे तोवर मराठी समाजाने पुण्यात पाहिले होते. १८९७ मध्ये रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, सामान बाहेर काढून जाळले, संशयितांना उचलून नेले. रोगाविषयीचे तेव्हाचे अपुरे ज्ञान हा एक भाग झाला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या सरकारचा माणूस एरवी कधी दारात येत नव्हता, तो आला तो थेट माजघरात शिरायला. लोकांनी आजारी माणसे लपवली, गाव सोडले आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सक्तीने घर रिकामे करता येते, पण घरातल्या माणसाची सवय बदलत नाही, हा धडा पुण्याने दिला. इंदुरात वीस वर्षांनी याच रोगापुढे वेगळी वाट निवडली गेली.

१९१७ मध्ये तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदुरात बोलावले. त्यांचा दोन भागांतला अहवाल १९१८ मध्ये दरबारला सादर झाला आणि जगभरच्या नगररचनेच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो. पण त्याआधी दिवाळीच्या सुमारास त्यांनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अहवालाहूनही मोलाचे आहे. महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेऊन त्यांनी नवी मिरवणूक काढली. ती नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती. ज्या गल्ल्यांनी आपली घरे आणि अंगणे सर्वांत चांगली साफ केली असतील, त्या गल्ल्यांतून ती जाणार असे आधी जाहीर झाले. त्याबरोबरच लोकांनी बाहेर काढलेला कचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्था केली गेली, आणि उंदीर पकडण्याची मोहीम चालली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, आणि घाणीचा राक्षस, प्लेगचा प्रचंड उंदीर, हिवतापाचा डासही होता. त्यांच्या मागून स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, फुले लावून, रंगवलेल्या गाड्या आणि सजवलेले बैल घेऊन शहराचे सफाई कामगार चालले. त्यापाठोपाठ नव्या इंदूरचे चित्र, वाचनालयांच्या आणि उद्यानांच्या प्रतिकृती आल्या. घरोघर लावायला तुळशीची रोपे वाटली गेली आणि शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. रावणदहन, लक्ष्मीपूजन आणि तुळशीवृंदावन ज्यांच्या अंगी मुरलेले आहे, अशा लोकांना जंतुशास्त्राचे व्याख्यान न देता मुद्दा कळला.

या मिरवणुकीचे कौतुक बऱ्याचदा तिच्या कल्पकतेसाठी होते. माझ्या मते तिचे सामर्थ्य तीन गोष्टींत होते आणि तिन्ही प्रशासनाच्या कक्षेतल्या होत्या. पहिली, लोकांना घर साफ करा म्हणण्याआधी कचरा उचलण्याची सोय केली गेली. दुसरी, चांगले काम करणाऱ्या गल्लीला सर्वांसमोर मान मिळाला, म्हणजे स्पर्धा शिक्षेची नव्हती, प्रतिष्ठेची होती. तिसरी आणि सर्वांत धाडसी म्हणजे, ज्यांना समाजाने अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, त्या सफाई कामगारांना शहराच्या आरोग्याचे रक्षक म्हणून सर्वांच्या देखत मिरवले गेले. शिक्षकाला मान नसेल तर शिकवणीलाही तो मिळत नाही. पण या प्रयोगाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्या हंगामात साथ ओसरली याचे श्रेय एका मिरवणुकीला देणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण प्लेगचा जोर ऋतुमानाप्रमाणेही कमी-जास्त होतो. आणि मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी तेच काम करणारी कायमची यंत्रणा तिच्यातून उभी राहिली नाही. गेडिस गेले आणि ती शिकवण एका दिवाळीची आठवण होऊन राहिली. उत्सव लोकांना जागे करतो, पण जागे ठेवण्याचे काम रोजच्या नोकरीतल्या माणसांचे असते.

रोजच्या कामाचे शास्त्र पुढच्या दशकात याच शहरात घडले. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था काढली आणि यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर पालापाचोळा, शेण, गोमूत्र, माती आणि राख यांच्यापासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्या दोघांचे पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. शेतीच्या इतिहासात या पद्धतीचा उल्लेख नेहमी येतो, सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मात्र तो अभावानेच आढळतो. वास्तविक १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला कचरा व मैला याच पद्धतीने निर्धोक कसा करता येतो, यावर एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला होता. ढिगाच्या आतली उष्णता माशांच्या अळ्या आणि रोगजंतू मारते, आणि हाती खत उरते. सांगायचे ते असे की, नव्वद वर्षांपूर्वी या शहराकडे कचऱ्याचे शास्त्र होते, माणसे होती, आणि त्यात एक मराठी संशोधक पुढे होता. नव्हता तो घरातला ओला कचरा वेगळा होऊन त्या खड्ड्यापर्यंत रोज पोचण्याचा मार्ग. शास्त्र प्रयोगक्षेत्रापाशी थांबले आणि शहर आपल्या उकिरड्यांसह वाढत राहिले.

स्वातंत्र्यानंतर आरोग्याच्या संस्था झपाट्याने उभ्या राहिल्या. १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय झाले, पुढच्या दशकात महाराजा यशवंतराव रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस नर्मदेचे पाणी शहरात आले. देशपातळीवर भोर समितीने १९४६ मध्ये आरोग्यशिक्षणावर भर दिला होता. १९५६ मध्ये दिल्लीत केंद्रीय आरोग्यशिक्षण संस्था स्थापन झाली, त्याच वर्षी इंदूरची नगरपालिका महानगरपालिका झाली. पण याच काळात सर्वत्र एक फाटाफूट घडली. आरोग्यशिक्षण हे एका खात्याचे काम झाले आणि झाडू, गटार, नळ हे दुसऱ्या खात्याचे. पहिल्या खात्याकडे पत्रके, चित्रे आणि आरोग्यदिन आले. दुसऱ्याकडे कमी मनुष्यबळ, जुनी वाहने आणि भरून वाहणाऱ्या कचराकुंड्या. कुंडीत कचरा टाका असे सांगणारा फलक भरून वाहणाऱ्या कुंडीशेजारी उभा असेल, तर नागरिक फलकावर विश्वास ठेवणार नाही, कुंडीवर ठेवील. वीस लाखांच्या घरात पोचलेल्या शहराची अवस्था अशी झाली की २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसाव्या स्थानी होते.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ४३४ शहरांत ते पहिले आले, आणि मग वर्षामागून वर्षे पहिले राहिले. महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह यांच्या कारकिर्दीतला हा बदल भाषणांनी झाला नव्हता. कामाचा क्रम पाहिला की कारण कळते. घरोघर कचरा गोळा करण्याचे काम आधी थोड्या प्रभागांत करून पाहिले, मग ते सर्व ८५ प्रभागांत नेले. गाडी ठरलेल्या वेळी येते याची लोकांना खात्री पटल्यावर रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या. गाडीत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे कप्पे वेगळे होते, म्हणून वेगळा करून दिलेला कचरा पुढे पुन्हा एक होणार नाही हे गृहिणीला डोळ्यांनी दिसत होते. गाडीबरोबर स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते दारोदार फिरले, मिसळलेला कचरा परत देऊन का घेत नाही ते समजावून सांगितले. देवगुराड्याचा वर्षानुवर्षांचा कचऱ्याचा डोंगर हटवला गेला, आणि २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. गेडिसना साधलेली प्रतिष्ठेची स्पर्धा आणि हॉवर्ड-वाड यांना उमगलेले ओल्या कचऱ्याचे मोल या दोन्हींना जोडणारा दुवा शंभर वर्षे गहाळ होता. रोज दारात येणाऱ्या गाडीच्या रूपाने तो सापडला.

सराफ्यात हाच क्रम आणखी स्पष्ट दिसतो. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बाजाराला सकाळी सातची कचरागाडी उपयोगाची नाही. रात्रीच रस्ते झाडण्याची आणि कचरा उचलण्याची व्यवस्था झाली, तेव्हाच प्रत्येक खाद्यगाडीपाशी कचऱ्याचा डबा असावा या नियमाला अर्थ आला. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘स्वच्छ खाद्यपथ केंद्र’ अशी योजना काढली. तिच्यात आधी तपासणी, मग विक्रेत्यांचे प्रशिक्षण, मग उणिवा भरून काढणे आणि शेवटी त्रयस्थ परीक्षण असे टप्पे आहेत. इंदुरातल्या छप्पन दुकान या खाद्यबाजाराला हा दर्जा मिळाला आणि पाठोपाठ सराफ्यालाही. या योजनेतले प्रशिक्षण थोड्या तासांचेच असते, पण ते लागू पडते, कारण शिकवलेले पाळायला लागणारे पाणी, प्रकाश, निचरा आणि कचरा उचलणे या गोष्टी आधी पुरवाव्या लागतात. हातगाडीवाल्याला हात धुवायला सांगणे सोपे आहे, नळ दहा पावलांवर आणून देणे हे शासनाचे काम आहे. अरुंद गल्लीतली वाढलेली गाड्यांची गर्दी आणि गॅसच्या टाक्यांचा धोका यावरून सराफ आणि चौपाटी यांच्यात अलीकडे वाद झाले आहेत. त्यांतही हेच दिसते. जागा आणि अग्निसुरक्षा यांची सोय ठरवल्याशिवाय नुसत्या सूचनांनी तो प्रश्न सुटणारा नाही.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, इंदुरात लोक शिकले नाहीत, दंडाला घाबरले. दंड झाले हे खरे आहे, आणि त्यांचा उपयोगही झाला. पण दंड देशातल्या बहुतेक नगरपालिकांच्या कायद्यात आधीपासून आहेत आणि तिथे शहरे स्वच्छ झालेली नाहीत. दंड न्याय्य वाटण्यासाठी आधी पाळता येईल असा पर्याय द्यावा लागतो. गाडी येत नसलेल्या गल्लीत केलेला दंड हा लोकांना जुलूम वाटतो, आणि जुलमाची शिकवण पुण्याच्या वाटेने जाते. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत याच शहरातल्या टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्यपथकावर दगडफेक झाली, ती घटना इथे आठवली पाहिजे. तिचे समर्थन कोणीही करणार नाही. पण एरवी ओळख नसलेले पथक संकटाच्या दिवशी अचानक दारात उभे राहिले की भीती उफाळते, हे १८९७ इतकेच २०२० मध्येही खरे होते. त्या पथकातल्या महिला डॉक्टर थोड्याच दिवसांत पुन्हा कामावर गेल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये याच शहराने एका दिवसात दोन लाखांहून अधिक लसी दिल्या. ओळख आणि सातत्य वाढले तसा विश्वासही वाढला.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याचे यश आहे, संस्थेचे नव्हे. या आक्षेपाचे उत्तर सुरतेत मिळते. १९९४ च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी ते शहर बदलून दाखवले आणि त्यांची बदली झाल्यावर ते पुन्हा घसरेल असे भाकीत झाले होते. २०२३ च्या सर्वेक्षणात सुरत आणि इंदूर यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला. इंदुरातही २०१७ नंतर आयुक्त बदलले, महापौर बदलले आणि काम टिकले. अधिकारी सुरुवात करून देतो. झोनचा दरोगा, गाडीचा चालक, पहाटे झाडू मारणारी बाई यांच्या वेळापत्रकात ते काम उतरले की ते संस्थेचे होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याने या शहराला शोकात लोटले. स्वच्छ दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात खरे ठरले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात हे घडले. नळाला घाण पाणी येत असल्याच्या तक्रारी रहिवाशांनी आधीच केल्या होत्या, असेही तेव्हा पुढे आले. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तरी माझे सूत्र त्याने मोडत नाही, अधिक कडक होते. तिथल्या नागरिकांना आरोग्य शिकवण्याची गरज नव्हती, पाण्याचा रंग आणि वास ओळखून त्यांनी आपले कर्तव्य केले होते. कमी पडले ते ऐकणारे शासन. आरोग्यशिक्षण दोन्ही बाजूंनी चालते. दारात जाऊन सांगणाऱ्या यंत्रणेने दारातून आलेले ऐकून त्याच दिवशी हलले पाहिजे. जमिनीवरचा कचरा डोळ्यांना दिसतो, स्पर्धेत मोजला जातो, म्हणून त्याची सेवा उत्तम झाली. जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही, तिला गुण नाहीत, म्हणून ती मागे राहिली. शिकवण सेवेच्या पुढे जाऊ शकत नाही, याचा याहून दुःखद पुरावा नाही.

म्हणून पुढच्या काळात आपल्या महानगरपालिकेकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त आहे. प्रत्येक प्रभागातल्या नळाच्या पाण्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा निकाल लोकांना वाचता येईल अशा ठिकाणी लावला जावा. कचरागाडी आज ज्या शिस्तीने दारात येते त्याच शिस्तीने पाण्याच्या तक्रारीवर माणूस दारात यावा. आणि १९१७ मध्ये ज्यांना एका दिवसापुरता मान मिळाला, त्या सफाई कामगारांना आरोग्यशिक्षक म्हणून प्रशिक्षण, सुरक्षित साधने आणि कायमची प्रतिष्ठा मिळावी, कारण शहरातल्या प्रत्येक घराला रोज भेटणारा शासनाचा प्रतिनिधी तोच आहे. नागरिकांनीही आपला वाटा उचलावा. सराफ्यात रात्री खाऊन उठताना द्रोण डब्यात टाकण्याइतकेच, नळाला गढूळ पाणी आले की लेखी तक्रार करणे आणि तिचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करणे, हेही आपले आरोग्यकर्तव्य आहे. पहिले काम इंदूरकर चोख करतात. दुसऱ्याचीही तशीच सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी.